गाड्या नसलेली वाट

(आमच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला ‘परदेशातले अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलंय. तीन महिने भाचीकडे राहून आलेल्या बाईने इंग्लंडबद्दल काय बोलावं? म्हणून मी एकाच दिवसाबद्दल बोलणार आहे. त्या दिवशी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी जंगलातून सतरा-अठरा किलोमीटर सायकल चालवली.

तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल, पुणं म्हणजे सायकलींचं शहर होतं. मीही कॉलेजला, नंतर नोकरीला सायकलवरूनच जायची. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी. पुढे रस्त्यावर दुचाक्या वाढल्या, टेम्पो वाढले. १९८६ साली एका टेम्पोने मागून धक्का दिला, मनगट मोडलं. घरात कोणी ‘चालवू नकोस’ म्हणालं नाही, हे मुद्दाम सांगते. आपण नेहमी सासू-नवऱ्याचं नाव घेतो. माझी सायकल कोणी हिसकावून घेतली नाही. हात बरा होईपर्यंत बसने गेले आणि मग बसनेच जात राहिले. सायकल जिन्याखाली गंजली. अशा किती जणींच्या सायकली गेल्या असतील, त्याची नोंद कुठेच नाही. नव्वदच्या सुरुवातीला तामिळनाडूत पुदुक्कोट्टईला साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या, तेव्हा आपण त्यांच्यावर बैठका घेतल्या होत्या. मी त्या बैठकांना रिक्षाने यायची!

तर भाची ग्लॉस्टरच्या रुग्णालयात सुईण आहे. तिच्या चार-पाच सहकारी बायका सुट्टीच्या दिवशी मिळून सायकलवर जातात. २०२३ च्या मे महिन्यात ती म्हणाली, “मावशी, चल. रस्त्यावर नाही, जंगलात.” मी म्हटलं, जंगलात तर मुळीच नको.

हे जंगल म्हणजे फॉरेस्ट ऑफ डीन, सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या मधलं. ते आपोआप वाढलेलं रान नव्हे. आधी राजाचं शिकारीचं जंगल, मग आरमाराच्या जहाजांसाठी ओक लावले ते जंगल, मग खाणींचं. १९२४ पासून ते सरकारी वनखात्याकडे आहे. आजही तिथे झाडं लावतात, विरळणी करतात, तोडतात, विकतात. वाटेच्या कडेला ओंडक्यांच्या राशी दिसतात आणि त्यांवर चढू नका अशी पाटी असते. तोड चालू असेल तेव्हा तेवढा भाग बंद करून वळणवाट खुणेने दाखवतात.

आणि ही सायकलची वाट म्हणजे पूर्वीची आगगाडीची वाट. कोळसा वाहून नेणाऱ्या गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले, उरलेल्या पट्टीवर बारीक खडी दाबून बसवली. कोळशाच्या गाडीला खडा चढ चालत नाही. तिच्यासाठी डोंगर कापून चढ सौम्य केलेला असतो. माझ्या गुडघ्यांना त्याचा फायदा झाला! वाट कॅनपला सुरू होते, तिथे पूर्वी कोळशाची खाण होती. ती १९६० साली बंद पडली. आता तिथे सायकली भाड्याने मिळतात. वाटेच्या तोंडाशी लाकडी अडसर असतो. वनखात्याचं वाहन आलं तर तो उघडतात, बाकी मोटारीला प्रवेश नाही. दोन-चार ठिकाणी डांबरी रस्ता ओलांडावा लागतो तेवढाच.

पहिला अर्धा तास मी मागे वळून वळून पाहत होते. काही आवाज आला की कडेला व्हायची. भाची म्हणाली, “मावशी, मागून काही येणार नाहीये.” सदतीस वर्षं अंगात मुरलेलं होतं ते. नंतर केव्हातरी खांदे खाली आले. बीचची नवी कोवळी पानं, खाली निळ्या फुलांचा गालिचा, आणि मी पायडल मारायचं थांबवून उतारावर नुसती जात होते. पुढे एक आजी तिचाकी सायकलवर, मागे चार-पाच वर्षांच्या मुली. कोणी कोणाला ‘जपून’ म्हणत नव्हतं.

पण मला तुम्हाला गुळगुळीत चित्र दाखवायचं नाही. दुपारी आम्ही डबा खायला बसलो तेव्हा मी विचारलं, तुम्ही एकट्या येता का इथे? पाच जणींपैकी एकच ‘हो’ म्हणाली. बाकीच्या म्हणाल्या, मोटारीची भीती गेली तरी माणसाची राहते. संध्याकाळनंतर कोणी येत नाही, दिवे नाहीत. एक जण कानात गाणी लावत नाही, मागची पावलं ऐकू यावीत म्हणून. हे ऐकून मला पहिल्यांदा तिथे परकं वाटेनासं झालं.

दुसरी गोष्ट. बहुतेक लोक सायकल मोटारीच्या टपावर बांधून तिथवर येतात. आम्हीही तसेच आलो. जिच्याकडे मोटार नाही तिला ही वाट सोपी नाही. जवळचं रेल्वे स्थानक लिडनी, आणि ते जंगलाच्या बाहेर आहे.

आता या जंगलातल्या बायकांबद्दल. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले, तेव्हा १९४२ साली लाकूडतोडीसाठी बायकांचं दल उभारलं, वूमेन्स टिंबर कोअर. डीनच्या जंगलातही त्यांना शिकवलं गेलं. कुऱ्हाड, करवत, ओंडके मोजणं, ट्रॅक्टर, सगळं त्यांनी केलं. १९४६ ला दल मोडलं, बायका घरी. ही गोष्ट आपल्याला नवी आहे का?

खाणींची तर आणखी गंमत. तिथे ‘फ्रीमायनर’ म्हणून जुना हक्क आहे. त्या टापूत जन्मलेला आणि खाणीत एक वर्ष एक दिवस काम केलेला पुरुष स्वतःची खाण चालवू शकतो. १८३८ च्या कायद्यात पुरुष असंच लिहिलं होतं. २०१० साली एका बाईने भेदभावाचा मुद्दा मांडून आपली नोंद करून घेतली, ती पहिली. आणि आता अडचण वेगळी आहे. टापूतलं प्रसूतिगृह बंद झालंय, त्यामुळे बायका बाळंतपणाला ग्लॉस्टरला जातात आणि टापूत जन्मणारी मुलंच कमी झाली. भाची हसून म्हणाली, हक्क खाणीचा, पण तो बाळंतिणीच्या खाटेवर अडलाय.

सायकलीशी याचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध असा की ती वाट आहे, कारण ते जंगल सार्वजनिक मालकीचं आहे. २०१० च्या शेवटी तिथल्या सरकारने इंग्लंडमधली सरकारी जंगलं विकायचा, भाडेपट्ट्याने द्यायचा बेत केला. डीनमधले लोक उठले. जानेवारी २०११ मध्ये कडाक्याच्या थंडीत स्पीच हाऊसजवळ हजारो जमले. देशभरातून अर्ध्या कोटीच्या दशांशाहून, म्हणजे पाच लाखांहून जास्त सह्या झाल्या. १७ फेब्रुवारीला सरकारने बेत मागे घेतला. आमच्यातली एक जण तेव्हा तान्ह्या मुलाला घेऊन तिथे उभी होती. ती म्हणाली, मला झाडांपेक्षा अडसराची काळजी वाटत होती. आज मोटारीसाठी असलेला अडसर उद्या माझ्यासाठी असेल.

आपल्याकडे जंगल म्हटलं की सरपणाची मोळी, वनरक्षकाची दमदाटी आणि २००६ च्या वनहक्क कायद्यासाठी भरलेले दावे डोळ्यांपुढे येतात. मोळी आणणाऱ्या बाईच्या वाटेवर शहरातल्यांसाठी सायकलचा ट्रॅक काढा, असं मी म्हणणार नाही. तशा योजनांना पहिला विरोध मीच करीन. मात्र शहरात मोटार न येणारी चार किलोमीटरची सलग पट्टी आपण कधी मागितली का? रस्ता रुंदीकरणात झाडं गेली म्हणून आपण मोर्चे काढले. सायकल गेली म्हणून एकही नाही. मीही नाही.

परत आल्यावर जिन्याखालची सायकल बाहेर काढली. टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, चेन, सगळं नवं घालावं लागलं. दुकानदार म्हणाला, यात नवीन सायकल आली असती. रस्त्यावर अजून नेत नाही, खोटं कशाला सांगू. आम्ही चौघी दर रविवारी सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर चालवतो, तिथला रखवालदार फाटक उघडतो. दोघींनी जन्मात कधी सायकलला हात लावला नव्हता. कोणाला यायचं असेल तर या. सायकल नसली तरी चालेल, माझं सीट खाली करून ठेवलंय.