नौकेवाचून जलविहार

कालव्यातून नौकेने संथपणे हिंडत सुटी घालविणे ही मूळची आळशी माणसाची कल्पना, आणि म्हणूनच ती मला प्रिय आहे. इंग्लंडमधील अरुंद कालव्यांवर नौकेला ताशी चार मैलांहून अधिक वेग घेता येत नाही. एवढे तर आपले आजोबाही सकाळी चालत असत! परंतु या गतीने एखाद्या जुन्या नगरात शिरले की ते आपले परसदार दाखविते.

जयपूरच्या गोपालपुऱ्यात काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा हीच कल्पना डोक्यात होती. मरुभूमीच्या उंबरठ्यावर कसली नौका, असे आपण म्हणाल. पण सवाई जयसिंहांनी १७२७ साली हे नगर वसविले, तेव्हा कालव्याने आणलेले पाणी राजरस्त्यांखालून खेळविले होते आणि चौपडींवरील कुंडांत ते नागरिकांना मिळत असे. अलीकडे मेट्रोसाठी खोदकाम चालू असता ती कुंडे पुन्हा उजेडात आली. नौका तरंगावी एवढे ते पाणी नव्हते, हे मान्य. पण रस्त्याखालून वाहणारा कालवा तो होता खराच.

या नगराशी आपले नातेही जुने आहे. जयसिंहांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष त्यांनी अरबीवरून संस्कृतात उतरविले. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, तेव्हा जयसिंहांनी त्यांचा सन्मानाने पाहुणचार केला. मातोश्री कोणत्या वेगाने आल्या असतील? पालखीच्या, म्हणजे जवळजवळ आपल्या नौकेच्याच. जंतरमंतरातील सम्राट यंत्राची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. ती पाहावयाची तर तिथे निवांत उभे राहिले पाहिजे. पाच मिनिटांत छायाचित्र घेऊन पळणाऱ्यास ते यंत्र म्हणजे नुसता एक जिना!

खरी नौकांची जागा मात्र रामगढची. जयपूरपासून सुमारे तीस किलोमीटरांवरील या तलावात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकांच्या शर्यती झाल्या. शहराला पिण्याचे पाणी पुरविणारा तोच तलाव. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून तो बहुतेक कोरडाच आहे. पाणलोटात बांध आणि अतिक्रमणे वाढली, पाणी वाटेतच अडले. जिथे वल्ही चालली तिथे माती उडावी, याला केवळ दैव म्हणणे मला पटत नाही.

गोपालपुऱ्याच्या बाजूने वाहणाऱ्या द्रव्यवतीची कथा अशीच. नदीची लोकांच्या तोंडी ‘अमानीशाह नाला’ झाली आणि नाला म्हटल्यावर त्यात काहीही टाकण्याची मुभा मिळाली. नाव बिघडले की नदी बिघडते, की उलट? २०१८ साली तिचे काठ बांधून काढण्यात आले आणि तेथे फिरण्यासाठी वाटा केल्या गेल्या. दगडी काठ म्हणजे नदी नव्हे. तरीही सायंकाळी त्या वाटेने मी मुद्दाम नौकेच्या चालीने हिंडलो. मुले सायकली फिरवीत होती, वृद्ध मंडळी कठड्याशी गप्पा मारीत होती.

ज्यांना एवढी पायपीट नको, त्यांनी चांदपोलहून बडी चौपडपर्यंत भुयारी गाडीने जावे. मार्ग जुन्या बाजाराखालचाच आहे. फक्त तिथे पोहोचायला काही मिनिटेच लागतात, तेवढी घाई सोसावी लागेल.