टाच, चटका आणि आपण
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अनुभवाचे चार बोल सांग’ म्हणून मला इथे उभं केलं आहे. माझ्याकडे सध्या एकच ताजा अनुभव आहे आणि तो टाचेचा आहे. साठी ओलांडलेल्या या सभेला हा विषय परका वाटू नये. मघाशी जेवणाच्या रांगेत मी नीट ऐकत होतो. शाळेच्या आठवणी दोन मिनिटं, गुडघे दहा मिनिटं!

दीड वर्षापूर्वी माझी उजवी टाच दुखायला लागली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखी कळ यायची. वीस-पंचवीस पावलं चाललं की कमी व्हायची. डॉक्टर म्हणाले, “टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्यातला जाड पट्टा दुखावलाय. पोटऱ्या ताणायचे व्यायाम करा, मऊ चप्पल वापरा, धीर धरा. बहुतेकांचं वर्षभरात बरं होतं.” मी सगळं पाळलं. म्हणजे खरं सांगायचं तर चप्पल घेतली.

मग गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकली. त्यानं टाचेला काही झालं नाही, पण न्हाणीघरात विटेचे तुकडे पडले म्हणून घरात वाद झाला. शेवटी मेव्हण्यांनी अग्निकर्म सुचवलं. पंचधातूची शलाका लाल होईपर्यंत तापवायची आणि दुखऱ्या जागी ठिपक्या-ठिपक्यांनी टेकवायची. ऐकूनच माझी टाच निम्मी बरी झाली.

ही बातमी पसरली आणि उपचाराच्या आधी प्रतिक्रिया सुरू झाल्या. बायको म्हणाली, “पस्तीस वर्षं माझं बोलणं झोंबलं नाही, शलाका काय झोंबणार?” मुलानं फोनवर विचारलं, “बाबा, भूल देतात ना?” आई म्हणाली, “लहानपणी पोटाला बिब्ब्याचा डाग दिला होता, तेव्हा सगळी आळी गोळा केली होतीस. या वेळी आधी शेजाऱ्यांना सांगून जा.” आणि आपला ग्रुप! एकानं लिहिलं, “अखेर तुझ्यावर आयएसआयचा शिक्का बसणार.” दुसऱ्यानं लिहिलं, “गणिताच्या सरांना कळवा, त्यांचं अपुरं राहिलेलं काम वैद्य पूर्ण करताहेत.” सर, तुम्ही समोरच बसला आहात. ते लिहिणारा तुमच्या मागच्याच रांगेत आहे.

वैद्य मोठे रसिक होते. शलाका तापत असताना त्यांनी माहिती द्यायला सुरुवात केली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय या अग्निकर्माचा आहे. चटका देण्याच्या साधनांत पिंपळी, शेळीच्या लेंड्या, गायीचा दात, मध, गूळ, तेल अशी यादी आहे. लेंड्या ऐकल्यावर मी शलाकेकडे एकदम प्रेमानं पाहू लागलो. मग त्यांनी अग्निकर्म कोणाला करू नये तेही सांगितलं. त्यात दुर्बल, बाल, वृद्ध आणि भीरू आहेत. मी आशेनं म्हटलं, “वैद्यराज, यातले शेवटचे दोन्ही मीच.” ते म्हणाले, “वृद्ध दिसत नाही. भीरू आहात, ते चप्पल काढतानाच कळलं. पण आता शलाका तापलीय.”

पहिला ठिपका बसला आणि मी जे ओरडलो ते ऐकून बाहेर बसलेल्या तिघांपैकी एक गृहस्थ घरी गेले. नंतरचे ठिपके मी मुकाट्यानं सोसले. कोरफडीचा गर लावून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी टाच हलकी वाटली आणि पुढच्या महिन्याभरात दुखणं गेलं.

चटक्यानं गेलं का? प्रामाणिकपणे सांगतो, मी छातीठोकपणे ‘हो’ म्हणणार नाही. एका जागची कळ दुसरी कळ काही वेळ दाबून टाकते, हे शरीरशास्त्रालाही मान्य आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्षही भरत आलं होतं. शिवाय एवढं सोसल्यावर गुण आला नाही असं म्हणायला मनच तयार होत नाही.

इथेच थांबणार होतो. पण आपल्या शेवटच्या बाकावरचा एक मित्र माझी हकिकत ऐकून म्हणाला, “मलाही घेऊन चल. माझे तळवे वर्षभर कापसावर चालल्यासारखे वाटतात.” त्याच्या परवानगीनं पुढचं सांगतो.

वैद्यांनी विचारलं, “मधुमेह?” तो म्हणाला, “थोडासा, बारा वर्षांपासून.” वैद्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला बोथट टोक लावत गेले. एकदा, दोनदा, पाच वेळा. आमचा मित्र डोळे मिटूनच म्हणाला, “करा की सुरू!” मला हसू आलं. वैद्य मात्र हसले नाहीत. त्यांनी पाय वर उचलला. अंगठ्याच्या मागे तळव्याला खोल जखम होती. चप्पल उलटी करून पाहिली, तर तळातून खिळ्याचं टोक वर आलेलं.

वैद्यांनी शलाका बाजूला ठेवली. म्हणाले, “ज्याला चटका कळत नाही, त्याला मी चटका देत नाही. आजच्या आज मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा.” आम्ही तिथूनच रिक्षानं गेलो. जखम भरायला तीन महिने लागले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बोट, कदाचित पाऊलही गेलं असतं. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि स्टँडवरून चालत आला आहे.

मित्रांनो, माझ्या टाचेत खिळा नव्हता, तरी खिळा घुसल्यासारखी कळ येत होती. त्याच्या चपलेत खराच खिळा होता आणि त्याला काही कळत नव्हतं. माझ्या ओरडण्यावर आपण सगळे हसलो, हसायलाच हवं. पण ज्याला ओरडता येतं तो नशीबवान, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मधुमेह असलेल्यांना हात जोडून सांगतो. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा. अनवाणी चालू नका. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. पाय शेकायला गरम वीट, गरम पाणी नको, कारण भाजलेलं कळणार नाही. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते मुळीच दुखत नाही.

आता फोटोसाठी सगळे चपला काढून सतरंजीवर बसणार आहोत. तेव्हा आपापले तळवे बघून घ्या. स्वतःला दिसत नसतील तर शेजारच्याला दाखवा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी परीक्षेत आपण एकमेकांना पेपर दाखवतच होतो. सर, आज तेवढी परवानगी द्या.