गटार कोणत्या पैशात बसतं?



आम्ही पाचजणी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या सदस्य. पंचायत नऊ जणांची, त्यात पाच बायका. आमच्यातल्या तिघी एका पॅनलच्या, दोघी समोरच्या पॅनलच्या. प्रचारात आम्ही एकमेकींच्या विरोधात दारोदार फिरलो होतो. आज मात्र ही माहिती आम्ही एकत्र बसून लिहून काढली आहे आणि तुमच्यापुढे एका आवाजात सांगतो आहोत.

पंचायतीत बायका आल्या त्या आपोआप आल्या नाहीत. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तेव्हा एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. आपल्या महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर आलं. त्यामुळे आता जवळजवळ प्रत्येक गावात सदस्यबाई आहे. पण ती पाच वर्षं नेमकं काय करते, हे मत देणाऱ्या बायकांनाही नीट माहीत नसतं. कुणी म्हणतं, ती नळाला पाणी आणते. कुणी म्हणतं, ती नुसती सही करते आणि बाकी सगळं घरचा माणूस बघतो.

खरं सांगायचं तर एकटी सदस्य काहीच मंजूर करू शकत नाही. सरपंचही एकटे करू शकत नाहीत. पंचायतीत जे होतं ते ठरावानं होतं. ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, आणि मग मतं लागतात. म्हणून सदस्याचं पहिलं काम म्हणजे वॉर्डातलं गाऱ्हाणं ऐकून ते ठरावाच्या भाषेत सभेपुढे मांडणं. दुसरं काम म्हणजे ते वर्षाच्या आराखड्यात घालणं. आणि तिसरं, सगळ्यात चिकाटीचं काम म्हणजे आराखड्यातलं काम जमिनीवर उतरेपर्यंत त्याचा पाठपुरावा करणं. ही तिन्ही कामं कशी होतात, ते आमच्या गावच्या एका गटाराच्या गोष्टीतून सांगतो.

आमच्या गावात मधली आळी आहे. चाळीसेक घरं. तिथंच अंगणवाडी. घरोघरचं मोरीचं पाणी रस्त्यावर यायचं आणि अंगणवाडीच्या पायरीशी साचायचं. पोरं त्यातूनच आत जायची. पावसाळ्यात डासांनी नकोसं व्हायचं आणि घराआड एक तापानं फणफणलेलं पोर असायचं. ही तक्रार नवी नव्हती. जुन्या पंचायतीतही ती तोंडी सांगून झाली होती. पण तोंडी सांगितलेली तक्रार कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेल्या कामाला पैसा मिळत नाही.

आपल्याकडे ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावानं ग्रामपंचायतीचा विकास आराखडा होतो. दर वर्षी पुढच्या वर्षाची कामं त्यात धरतात. आराखडा करण्याआधी गावात फेरी काढायची, गावाचा नकाशा काढायचा आणि लोकांच्या गरजा लिहून घ्यायच्या, अशी रीत आहे. आम्ही अंगणवाडीच्या सेविकाताई, आशाताई आणि तीन बचत गटांतल्या बायकांना घेऊन फिरलो. अंगणवाडीसमोर जमिनीवर रांगोळीनं नकाशा काढला. कुठल्या घराचं पाणी कुठे वाहतं, हे बायकांनी बोट ठेवून दाखवलं. घरात पाणी भरणारीला आणि सांडपाणी टाकणारीलाच ते पक्कं माहीत असतं.

मग महिला सभा. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, हे आपल्या कायद्यात आहे. ही सभा पुष्कळ गावांत कागदावरच होते, कारण ती सकाळी अकराला ठेवतात आणि त्या वेळी बायका खुरपणीला गेलेल्या असतात. आम्ही ग्रामसेवक भाऊसाहेबांना लेखी अर्ज दिला, की सभा संध्याकाळी, अंगणवाडीच्या पटांगणात घ्या. घेतली. ओसरी-पायरीवर बसायला जागा उरली नाही. तिथे मधल्या आळीच्या गटाराचा ठराव झाला, आणि प्रोसिडिंग बुकात तो लिहिला गेला की नाही, हे आम्ही वाचून घेतल्यावरच बायकांनी सह्या केल्या आणि अंगठे दिले.

ग्रामसभेत मात्र वाद झाला. एक वडीलधारे आबा उभे राहिले. म्हणाले, “गटाराचं काय घेऊन बसलात? पावसाळा सरला की आपोआप वाळतंय. आधी वेशीत कमान होऊ द्या. गावाची शोभा आहे.” टाळ्याही पडल्या.

आमच्यातली एक उठली आणि म्हणाली, “आबा, कमानीला आमचा विरोध नाही. पण कमानीचा पैसा वेगळा आणि गटाराचा पैसा वेगळा. गटार अडवून कमानीला काही मिळायचं नाही.”

ही गोष्ट प्रत्येक बाईनं समजून घ्यावी अशी आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी गावाला आला, त्यात आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा वाटा ८० टक्के आणि उरलेले दहा-दहा टक्के पंचायत समितीचे व जिल्हा परिषदेचे होते. पंचायतीला आलेला हा पैसा दोन प्रकारचा. शंभरातले ६० रुपये बंधित आणि ४० अबंधित. बंधित म्हणजे ज्याचा खर्च ठरवून दिलेला आहे तो. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, पाणी अडवण्या-जिरवण्यासाठी. गटार आणि सांडपाणी स्वच्छतेत बसतं. कमान त्यात बसत नाही, कितीही टाळ्या पडल्या तरी. आयोग बदलला की टक्के बदलू शकतात, म्हणून दर वर्षी भाऊसाहेबांना विचारायचं, की यंदा बंधित किती आणि अबंधित किती. काम कोणत्या पैशात बसतं हे ज्या सदस्याला ठाऊक असतं, तिला भांडावं कमी लागतं.

ठराव मंजूर झाला. आता अडचण आली ती आमच्या आमच्यातच. पंचायत समितीकडचे अभियंता साहेब आले, उतार बघितला, आणि अंदाजपत्रक केलं. मधल्या आळीचं पाणी गटारातून खाली ओढ्याला सोडायचं. पण ओढ्याच्या काठावर खालची आळी आहे, आणि तिथल्या बायका ज्या आडाचं पाणी भरतात तो आड ओढ्यापासून फार लांब नाही. खालच्या आळीच्या सदस्य आमच्यातल्याच, समोरच्या पॅनलच्या. त्या म्हणाल्या, “तुमची घाण तुमच्या दारातून काढून आमच्या आडात घालणार असाल, तर माझी सही नाही.”

त्यांचं बरोबर होतं. नियोजन म्हणजे एकीचा त्रास उचलून दुसरीच्या दारात ठेवणं नव्हे. त्या वेळी ही गोष्ट पॅनलवर गेली असती तर काम तिथंच मोडलं असतं. आम्ही पाचजणी दोन संध्याकाळी बसलो आणि मग तोडगा निघाला. आधी पाणीच कमी करायचं. ज्यांच्या परसात जागा आहे त्या घरांनी शोषखड्डा घ्यायचा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेऊन डास हटवले, हे आपल्याकडे पुष्कळांनी ऐकलेलं आहे. खड्ड्यात भोकं पाडलेली टाकी, भोवती मोठे दगड, वर बारीक खडी, आणि पाणी आत येण्याआधी राख-माती अडवायला एक छोटी कुंडी. ती कुंडी वेळच्या वेळी साफ करायची, नाहीतर खड्डा तुंबतो. आणि पिण्याच्या पाण्याच्या आडापासून, बोअरपासून खड्डा लांबच घ्यायचा. रोजगार हमीतून या खड्ड्यांना मजुरी मिळाली. ज्या घरांना परसच नाही, तेवढ्यांचं पाणी बंद पाइपातून गावाबाहेरच्या गायरानात, आडाच्या उलट दिशेला, मोठ्या सामायिक खड्ड्यात सोडायचं. अंदाजपत्रक बदलून घेतलं. चार महिने लांबलं. पण त्यावर पाचही जणींच्या सह्या झाल्या.

काम सुरू झाल्यावर आम्ही अंदाजपत्रकाची प्रत मागून घेतली होती. ती सदस्याला मिळते. गावातल्या कुणालाही माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानं मागता येते. त्यात पाइपाची रुंदी लिहिलेली होती. पाइप उतरले तेव्हा शिवणकाम करणाऱ्या एका गटाच्या ताईनं टेप लावून बघितला. पाइप लहान. ठेकेदार म्हणाला, “ताई, एवढ्यानं काय फरक पडतोय?” आम्ही त्याच्याशी हुज्जत घातली नाही. त्याच दिवशी भाऊसाहेबांना आणि अभियंता साहेबांना लेखी कळवलं, की मोजमाप पुस्तिकेत नोंद करण्याआधी समक्ष येऊन मोजा. मोजमाप लिहून झालं की बिल निघतं, आणि बिल निघाल्यावर बोलून उपयोग नसतो. साहेब आले, मोजलं, आणि पाइप बदलले गेले.

आता अंगणवाडीची पायरी कोरडी आहे. तिथं सेविकाताईंनी तुळस आणि कढीपत्ता लावला आहे.

पण सगळंच झालं असं नाही. मळ्यातल्या वस्तीचा रस्ता अजून झालेला नाही. तो खाजगी रानातून जातो आणि जमीनवाले भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. तिथल्या बायका बाळंतपणाच्या वेळी अजून बैलगाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंत येतात. त्या आम्हाला विचारतात, “आमचं कधी?” आम्ही त्यांना गोड बोलून पाठवत नाही. कुठे अडलंय, कुणाची संमती आली, कुणाची राहिली, हे त्यांच्यापुढे कागद ठेवून सांगतो. होणार नसेल तर होणार नाही म्हणून सांगणं, हेही सदस्याचंच काम आहे. खोटा शब्द दिला की पुढच्या महिला सभेला कुणी येत नाही.

घरच्या माणसांबद्दलही दोन शब्द. आमच्या मालकांनी, दिरांनी मदत केली. गाडीवरून तालुक्याला नेलं, अर्ज लिहून दिले. पण सभेत खुर्ची आमची आणि बोलायचंही आम्हीच, हे पहिल्या महिन्यात ठरवून टाकलं. लोकांनी निवडलं ते आम्हाला. ज्या सदस्यबाईच्या घरी हे जमत नसेल, तिला हसू नका. तिच्यासोबत चारजणी सभेला जा. बायका सोबत असल्या की तिलाही तोंड उघडायला धीर येतो.

तर मैत्रिणींनो, आपल्या गावी करता येतील अशा चार गोष्टी सांगतो. लिहून घ्या.

एक. ग्रामसभेची नोटीस निदान सात दिवस आधी लागते. फळ्यावरचे विषय वाचा, आणि आपला विषय नसेल तर लेखी द्या. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हजर असली की सभा भरते. ती संख्या आपण बायकाच पुरी करू शकतो.

दोन. महिला सभा कुठल्या वेळी घ्यायची, हे आपण सांगायचं. आणि सही करण्याआधी लिहिलेलं वाचून घ्यायचं. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला सोबत न्या.

तीन. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते किती होते आणि कशावर गेले, हे विचारा. विचारायला पद लागत नाही.

चार. आपल्या वॉर्डाच्या सदस्याला गाऱ्हाणं सांगताना एकटीनं वाटेत गाठून सांगू नका. पाचजणी जा, कागद द्या, पोच घ्या. तो कागद तिच्याही हातात बळ देतो.

आमची मुदत आता दीड वर्ष उरली आहे. मळ्यातल्या रस्त्याचा विषय येत्या ग्रामसभेसाठी आम्ही पुन्हा दिला आहे. या वेळी सूचक एका पॅनलची आहे आणि अनुमोदक दुसऱ्या.