माझी परीक्षेची तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण सतरा नंबरचा फॉर्म भरून यंदा दहावीला बसले, ती हकीगत सांगते.

मार्चपूर्वी मी पुस्तके नुसती वाचीत गेले. वाचलेले सारे ओळखीचे वाटे, म्हणून ते येते असे समजले. परीक्षेत कागद पुढे आला नि हात थांबला. बाकी विषय निघाले, गणित राहिले. जाऊबाई म्हणाल्या, "आता पुरे झालं." दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही.

मग धाकटी म्हणाली, "आई, पुस्तक मिटून सोडवून बघ." तेव्हापासून दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरावरच रोजचा अभ्यास मांडते. पहाटे बीजगणित, दुपारी भांडी आवरल्यावर भूमिती. आजचे गणित उद्या आणि पुन्हा आठवड्याने कोऱ्या कागदावर सोडवायचे. चुकले त्यावर लाल खूण. शनिवारी फक्त खुणांची उजळणी. रविवार मोकळा, कारण पाहुणे चुकत नाहीत! शेवटी घड्याळ लावून ४० गुणांची जुनी प्रश्नपत्रिका २ तासांत.

जुलैत पुरवणी परीक्षा आहे. पास होईन की नाही, देव जाणे. पण आपल्याला काय येत नाही, हे आता परीक्षेआधी कळते.

भगिनींनो, एकच विनंती. घरात मुलगी पेपर सोडवीत बसली असेल, तर ते दोन तास तिला चहा टाकायला उठवू नका. मीही पूर्वी उठवीत असे.