पाटाच्या पाण्याचे ऋण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृह व विवाहखर्च यांवर विचार होतो. आज आम्ही पाणीपट्टीवर बोलणार आहोत. विषय रूक्ष खरा. परंतु बारामती-इंदापुरातील आपल्या कित्येक घरांची चूल नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पेटते. तेव्हा त्या पाण्याचा हिशेबही आपणच मांडला पाहिजे.

१८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. त्या आपत्तीतून नीरेच्या कालव्याची निकड पटली व १८८५ साली पाटाला पाणी आले. भाटघरचे आजचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले.

त्या काळी सरकार कालव्यांचे दोन वर्ग करी. कर्ज काढून बांधावयाचे व व्याज फेडणारे ते 'उत्पादक'. दुष्काळनिवारणार्थ बांधावयाचे ते 'संरक्षक'. दख्खनच्या कालव्यांचे उत्पन्न व्याजास पुरत नसे. कारण उघड होते. पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीवाला पाण्याकडे फिरकत नसे. पावसाने ओढ दिली की सारेच एकदम पाणी मागत. बारमाही गिऱ्हाईक हवे, म्हणून उसाला उत्तेजन मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरेच्या कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचविली. नेमक्या क्षेत्रास काही वर्षांची पाण्याची हमी द्यावी, त्यातील तृतीयांशात ऊस व उरलेल्यात हंगामी पिके घ्यावीत, म्हणजे पाणी अधिक गावांस पोचेल व तिजोरीही भरेल, अशी ती योजना होती. पुढे उसाने ती मर्यादा जुमानली नाही, हे आपण जाणतोच.

आता अलीकडचे पाहू. कृष्णा खोऱ्यातील प्रकल्पांसाठी १९९६ साली महामंडळ स्थापन झाले. त्याने जनतेकडून कर्जरोखे उभारले. त्यांच्या फेडीचा भार अखेर राज्याच्या तिजोरीवरच पडला. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. पाणीपट्टीतून देखभाल, दुरुस्ती व व्यवस्थापन यांचा खर्च निघावा, एवढीच त्या कायद्याची अपेक्षा आहे. धरणाचे मुद्दल आपणाकडे कोणी मागत नाही.

मग ते मुद्दल कोण फेडतो? सुपे-मोरगावच्या जिराईत पट्ट्यातील मजूर बाजारात खरेदी करताना जो कर भरतो, त्यातून ते फिटते. त्याच्या रानात पाट नाही. आणि ज्यांची घरेदारे भाटघरच्या वा उजनीच्या जलाशयात गेली, त्यांनी तर ते जमिनीने फेडले. इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे त्यात आहेत. आपली सोयरीकही त्या गावांत आहे.

येथे आमच्या घरचा दोष सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. एका उन्हाळ्यात आम्ही मंजुरीहून अधिक उसाला पाणी घेतले. पट्टी मात्र मंजूर क्षेत्राचीच भरली. त्याच पाळीत शेवटच्या टोकाला असलेल्या आमच्या व्याह्यांच्या चारीत पाणी पोचले नाही. त्यांची कडवळाची वैरण करपली. ते काही बोलले नाहीत. पुढे लग्नाच्या पंक्तीत त्यांच्या शेजारी बसताना आमच्या घशाखाली घास उतरेना. थकबाकी सरकारची असते असे आपण समजतो; प्रत्यक्षात ती आपल्याच माणसाची असते.

पट्टी वाढू नये, असे म्हणण्याचा अधिकार शेतकऱ्यास अवश्य आहे. पाळी वेळेवर मिळावी, चारीची दुरुस्ती व्हावी, हे तर ठणकावून मागावे. परंतु ज्याने भिजलेले क्षेत्र खरे नोंदविले व पट्टी वेळेवर भरली, त्याच्याच मागणीस वजन येते. यास्तव आमची दोन मागणी आहेत. आपल्या कुटुंबांनी पाणी वापर संस्थांत सामील होऊन हिशेब उघड्यावर मांडावा. आणि माथ्याच्या शेतकऱ्याने टोकाचे रान भिजल्यावाचून आपली पाळी पुरी झाली असे समजू नये.

सुप्यात खते जाळता आली, कारण ती कागदावर होती. हे ऋण कागदावर नाही. ते फेडूनच फिटेल.