वाटणी करायची तर बोलून आणि लिहून

(लोणी काळभोर येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ऊस, खत किंवा किडीवर बोलणार नाही, याचे काहींना नवल वाटेल. पण शिवारात फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. जमीन काळी कसदार, कालव्याचे पाणी जवळ, पुण्याची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, आणि रान मात्र पडीक. चौकशी केली की उत्तर ठरलेले, "भावाभावांचं कोर्टात चाललंय." त्या रानाला मी कोणते खत सांगू?

आपला हा भाग मुठा उजव्या कालव्याने बागायत केला आणि पुणे शहराने त्याला भाव आणला. पूर्वी कुणी वीतभर बांध कोरला तर चार शिव्या देऊन भागत असे. आता त्याच विताचा हिशेब गुंठ्याच्या दराने होतो. रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदल्याची नोटीस कागदावर ज्याचे नाव त्याला येते, आणि घरात वाद असेल तर रक्कम कुणालाच न मिळता जमा होऊन पडते.

वाटणी ही काही आजची गोष्ट नव्हे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्या गावात १७७१ साली एका खात्याला सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. आज त्याच गावात शेत शोधावे लागते. तेव्हा तुकडे होणारच. माझे म्हणणे निराळे आहे. मी पाहिलेली बहुतेक भांडणे किती एकर मिळाले यावरून झालेली नाहीत. वाटणीच्या वेळी जे बोलायचे राहून गेले, त्यावरून झालेली आहेत.

एका घराची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. वडिलांनी हयातीत तोंडी वाटणी केली. थोरल्याला विहिरीकडची बाजू, धाकट्याला रस्त्याकडची. क्षेत्र गुंठ्याला गुंठा सारखे. थोरल्याचा ट्रॅक्टर कुठून जाणार, धाकट्याला पाणी कोणत्या पाटाने मिळणार, हे कुणी विचारले नाही, कारण वडील होते तोवर विचारायची गरज पडली नाही. विजेचे कनेक्शनही त्यांच्याच नावावर होते.

वडील गेले. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मोटर जळाली. दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावरून बोलाचाली झाली. थोरल्याने पाणी बंद केले. धाकट्याने वाट नांगरून टाकली. थोरल्याचा तोडणीला आलेला ऊस उभा राहिला, कारण गाडी आत जाईना. एक प्रकरण तहसीलला, एक दिवाणी न्यायालयात, अशी सात वर्षे गेली. जळालेली मोटर त्या सात वर्षांत वकिलाला दिलेल्या पैशांत किती वेळा नवी आली असती, ते त्या दोघांनीच मला मोजून सांगितले.

तोडगा निघाला तो मामांच्या आणि एका निवृत्त गुरुजींच्या पुढाकाराने. गुरुजींनी दोन अटी घातल्या. बैठक घरात नको, रानात, विहिरीच्या काठावर. आणि पहिल्या दिवशी निकाल द्यायचा नाही, फक्त काय काय अडले आहे ते एका वहीत उतरवायचे. घरात बसले की जुनी लग्ने, मानपान, कोण कुणाला काय म्हणाले, हे सगळे निघते. रानात बसले की वाट समोर दिसते आणि पाटही.

दुसऱ्या बैठकीला बहीण आली. तिला कुणी बोलावले नव्हते. ती एवढेच म्हणाली, "दादा, सगळं मांडलंत, माझं कुठं मांडलंय?" दोघेही गप्प. इथे जरा थांबतो, कारण या प्रश्नावर सभेतसुद्धा चुळबूळ होते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही उरली नाही. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र मोडत नाही. बहिणीने हक्क सोडायचाच असतो, ही समजूत डोक्यातून काढा. ती खुशीने सोडत असेल तर हक्कसोडपत्र तिला वाचून दाखवून नोंदवा. राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणीची कोऱ्या कागदावर सही घेणे ही फसवणूक आहे, आणि पुढच्या पिढीच्या दाव्याचे बी तिथेच पेरले जाते.

त्या घरात बहिणीने जमीन मागितली नाही. तिच्या मुलाच्या शिक्षणासाठी दोघा भावांनी तीन हप्त्यांत रक्कम द्यायची, असे ठरले आणि तसे लिहिले. वाट बांधाच्या दोन्ही अंगांनी पाच-पाच फूट सोडून दहा फुटांची केली. मोटरचा खर्च निम्मा-निम्मा. पाण्याच्या पाळीवर मात्र दोन दिवस गेले. आधी एक-एक आठवड्याची पाळी ठरत होती. तेव्हा धाकट्याची बायको म्हणाली, "वीज एक आठवडा दिवसा असती, एक आठवडा रात्री. मग आमच्या पाळीला कायम रात्रच येणार." बरोबर होते. म्हणून चार-चार दिवसांची पाळी केली, म्हणजे रात्रीचे जागरण दोघांनाही आलटून-पालटून आले. ही गोष्ट ना मामांना सुचली ना गुरुजींना. बैठकीला घरातल्या बायका असाव्यात असे मी सांगतो ते यासाठी. रात्री कंदील घेऊन दारे धरायला त्याच जातात.

आता कागदाचे. सर्व हिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. त्यासाठी दावा लावायची गरज नाही. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. वाटणीपत्रात क्षेत्र आणि चतुःसीमा तर लिहाच, पण वाट किती फुटांची, विहिरीत हिस्सा किती, पाट कोणत्या बांधाने, बांधावरची झाडे कुणाची आणि आई कुणाकडे राहणार, तिच्या औषधपाण्याचा खर्च कुणी द्यायचा, हेही लिहा. शेवटचे लिहायला लाज वाटते, मला माहीत आहे.

कागदावर एकाचा गट आणि वहिवाट दुसऱ्याची, असेही पुष्कळ ठिकाणी आहे. बारा वर्षांहून जास्त काळ असा अदलाबदलीचा ताबा असेल, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या सलोखा योजनेत एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून दस्त करण्याची सोय झाली. योजना मुदतीची आहे, तेव्हा अर्जापूर्वी तलाठ्याकडे चौकशी करा.

वाट किंवा पाणी अडवलेच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जावे लागते. "बघू, दिवाळीनंतर" म्हणत मुदत घालवू नका. आणि दावा आधीच चालू असेल तरी समेटाचे दार बंद होत नाही. तो लोकन्यायालयात ठेवायला सांगा. तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसल्याने वाद तिथेच संपतो. गावोगावच्या तंटामुक्ती समित्या २००७ च्या मोहिमेतून आल्या. काही ठिकाणी त्या आता फलकापुरत्या उरल्या आहेत. तुमच्या गावची समिती खरोखर बसत असेल तर तिच्याकडे जा, नाहीतर दोन्ही बाजूंना मान्य असलेली दोन माणसे पुरेत. फक्त ज्याला तुमची जमीन विकत घ्यायची आहे, तो मध्यस्थ नको. एक गोष्ट या सगळ्यातून वगळतो. घरात बाईला मारहाण होत असेल, तर तिथे समेटाची बैठक नव्हे, पोलीस ठाणे.

जाता जाता, मूळ कागद कुणाकडे ठेवायचा यावरून अगदी शेवटच्या दिवशी बैठक मोडायची पाळी येते. त्या घरातही आली होती. थोरला म्हणाला माझ्याकडे, धाकटा म्हणाला का म्हणून. शेवटी दोघांनी एकेक नक्कल घेतली. मूळ वाटणीपत्र बहिणीच्या घरी तिच्या ट्रंकेत आहे.