पोकळ नळीच्या पोटांतील गंज

जुनी स्कूटर पुन्हां उभी करणारा हौशी मनुष्य बाहेरच्या रंगावर जीव ओततो. पण एके काळीं मुंबईंत तयार होणाऱ्या लँब्रेटाचा सारा भार ज्या पोलादी नळीवर असतो, तिच्या पोटांत काय चाललें आहे हें कोण पाहतो? रात्रीं पोलाद निवतें, आंतल्या दमट हवेचें दंव धरतें आणि गंज आंतून नळी कुरतडूं लागतो. कोंकणांतल्या पावसाळ्यांत तर विचारूंच नका! चकचकीत दिसणारी नळी मग भर रस्त्यांत दगा देते.

गंज काढण्यास आंत आम्ल ओतण्याचा मोह टाळावा. सांध्यांत अडकलेला थेंब पुढेंही पोलाद खातच राहतो. वेल्डिंग व रंगकाम आधीं उरकावें, कारण तेलकट पोलादावर रंग धरत नाहीं, आणि ज्योत लावणें तर धोक्याचेंच. मग नळी उन्हांत वाळवून आंत उकळलेलें जवसाचें तेल ओतावें, ती सर्व अंगांनीं फिरवावी व उरलेलें तेल निथळूं द्यावें. प्राणवायु शोषून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. पोलादी नळ्यांच्या विमानांतही हीच युक्ति योजीत. पाणी निघून जाण्याचीं भोंकें मात्र मोकळीं ठेवावीं.

आणि हो, तेलाचीं फडकीं चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नका. तीं आपोआप पेट घेऊं शकतात; उघड्यावर पसरून वाळवावीं.